मृगाआधी पोहोचणारा कागद

प्रति,
मा. कुलगुरू,
डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अकोला

विषय : खरिपाच्या शिफारशींचे मराठी साहित्य अचूक आणि वेळेवर निघण्याबाबत



जे वाचून झाल्यावर वाचकाला हाताने काही करावयाचे असते, अशा लेखनाला तांत्रिक लेखन म्हणतात. औषधाच्या खोक्यातील घडी घातलेला कागद, शिलाई यंत्राची माहितीपुस्तिका, वीज उपकेंद्राच्या भिंतीवरचा सूचनाफलक आणि कृषी विद्यापीठाची घडीपत्रिका हे सारे एकाच जातीचे लेखन होय. ते वाचून वाचकाच्या हातून काम बरोबर झाले की नाही, हीच त्याची कसोटी असते. अशा लेखनाकडून सर्वत्र दोन गोष्टी एकाच वेळी मागितल्या जातात, मजकूर निर्दोष असावा आणि तो ठरल्या दिवशी हाती पडावा, आणि या दोहोंची ओढाताण लिहिणाऱ्याच्या वाट्याला येते. पुण्या-मुंबईच्या संगणक उद्योगात मुदत व्यवस्थापन ठरवते, त्यामुळे निकड पडल्यास ती पुढे ढकलता येते, आणि पडद्यावर दिसणाऱ्या मजकुरातील चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्तही करता येते. वऱ्हाडातील कोरडवाहू शेतकऱ्यासाठी लिहिणाऱ्याला या दोन्ही सवलती नाहीत. त्याची मुदत मृग नक्षत्र ठरवते, आणि एकदा छापून गावोगाव गेलेला कागद परत बोलावता येत नाही. या पत्राचा विषय हीच ओढाताण आहे.

मोर्णा नदीच्या एका अंगाला अकोल्याचे जुने शहर आणि दुसऱ्या अंगाला विद्यापीठ, एवढ्याच जवळिकीने हे पत्र लिहिलेले नाही. ज्यांच्या नावाने हे विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झाले, ते डॉ. पंजाबराव तथा भाऊसाहेब देशमुख (१८९८–१९६५) १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात कृषिमंत्री होते आणि त्याआधी शेतकऱ्याच्या मुलाला शिकता यावे म्हणून अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी करणारेही तेच होते. ज्ञान शेतापर्यंत पोहोचले पाहिजे हा आग्रह त्या नावाबरोबरच विद्यापीठाकडे आलेला आहे. शिक्षण आणि संशोधन यांच्या जोडीला विद्यापीठावर जे तिसरे काम सोपवलेले आहे, त्याला विस्तार शिक्षण म्हणतात. प्रक्षेत्रावर, म्हणजे विद्यापीठाच्या प्रयोगाच्या शेतात, सिद्ध झालेली गोष्ट शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेणे असा त्याचा अर्थ आहे. ‘कृषी संवादिनी’ ही दरवर्षीची माहितीपुस्तिका, पीकवार पुस्तिका, घडीपत्रिका आणि हवामानावर आधारित कृषी सल्ला हे सर्व या तिसऱ्या कामाचे लिखित रूप असून, त्यातील एकेक आकडा पंपाच्या टाकीत आणि तिफणीच्या चाड्यात उतरत असतो.

विद्यापीठाच्या कोणत्याही एका प्रकाशनातील चूक दाखवणे हा या पत्राचा हेतू नाही. तांत्रिक मजकूर घाईत कसा बिघडतो, उशिराने कसा निकामी होतो आणि या दोहोंच्या मधली वाट कोठे आहे, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

प्रथम मुदतीचा विचार करावा लागतो. राज्यातील चारही कृषी विद्यापीठांच्या नव्या शिफारशी आणि नवे वाण संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीच्या, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘जॉइंट ॲग्रेस्को’च्या, बैठकीत मान्य होतात. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली यांपैकी एका ठिकाणी आळीपाळीने भरणारी ही बैठक बहुधा उन्हाळ्याच्या अखेरीस होते, आणि मृग नक्षत्र ७-८ जूनला लागते. मंजूर झालेली शिफारस प्रथम शास्त्रीय परिभाषेत नोंदलेली असते. ती शेतकऱ्याच्या मराठीत आणणे, आकडे पडताळणे, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, छपाई आणि वाटप ही सारी कामे त्यानंतरच्या मोजक्या दिवसांत कोंबावी लागतात. त्यातच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये असे विद्यापीठच सांगत असल्याने, पेरणीचा दिवस कोणालाही आधी सांगता येत नाही. तो येतो तेव्हा अचानक येतो आणि वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, मिळाला की दोन-चार दिवसांत शिवार पेरून मोकळे होते. बीजप्रक्रियेची, म्हणजे पेरण्यापूर्वी बियाण्याला बुरशीनाशक व जिवाणूसंवर्धक लावण्याची, घडीपत्रिका त्यानंतर गावात पोहोचली, तर तिच्यातील प्रत्येक अक्षर बरोबर असूनही ती रद्दीच असते.

‘उशीर झाला तरी चालेल, पण चूक नको’ हे वाक्य कार्यालयात जबाबदारीचे वाटते, परंतु शेतीच्या बाबतीत ते खरे नाही, कारण उशीर हीसुद्धा एक चूकच आहे. विद्यापीठाचा कागद आला नाही म्हणून शेतकरी पेरणी किंवा फवारणी थांबवत नाही. ती रिकामी जागा शेजाऱ्याचा अनुभव, कंपनीच्या प्रतिनिधीचे बोलणे, दुकानात त्या दिवशी शिल्लक असलेला माल आणि मोबाइलवर कोठून तरी आलेले चित्र यांनी भरून निघते. यांतील काही सल्ले चांगलेही असतात. परंतु विक्रीचा हेतू नसलेला सल्ला देणाऱ्या मोजक्या संस्थांत विद्यापीठ येते, आणि त्याचे मौन शेतकऱ्याला महागात पडते.

तथापि घाईतून होणारी हानी अधिक गंभीर असते, आणि ती बहुतेक वेळा अज्ञानातून नव्हे, तर लहानशा दुर्लक्षातून होते. शुद्धलेखनाची चूक डोळ्याला खुपते म्हणून ती सापडते. आकड्याची चूक मात्र सुबक छापलेल्या ओळीत निमूट बसून राहते. क्षेत्राच्या मापाचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. संशोधन हेक्टरच्या हिशेबाने होते, सातबारा हेक्टर-आरमध्ये लिहिलेला असतो आणि वऱ्हाडातील शेतकरी बोलतो, विचार करतो आणि बियाणे विकत घेतो ते एकराच्या हिशेबाने. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. सोयाबीनच्या बियाण्याचे प्रमाण हेक्टरी ७५ किलो आणि एकरी ३० किलो असे दोन्ही प्रकारे सांगितले जाते व दोन्ही बरोबर असतात. पण घाईत एका ओळीतील आकडा आणि दुसऱ्या ओळीतील माप एकत्र आले, तर ‘एकरी ७५ किलो’ असे वाक्य तयार होते आणि ते वाचताना कोठेही अडखळायला होत नाही. खताच्या बाबतीत असे झाले तर पैसा वाया जातो. तणनाशकाच्या बाबतीत असे झाले तर अडीचपट मात्रेने उभे पीक करपते.

वाणांच्या नावांचेही तसेच आहे. याच विद्यापीठाने सोयाबीनचे ‘पीडीकेव्ही यलो गोल्ड’, ‘पीडीकेव्ही अंबा’ आणि ‘सुवर्ण सोया’ हे वाण दिले असून त्यांचे सांकेतिक क्रमांक अनुक्रमे एएमएस-१००१, एएमएस-१००-३९ आणि एएमएस-एमबी-५-१८ असे आहेत. पहिल्या दोहोंमध्ये अक्षरजुळणी करणाऱ्याच्या दृष्टीने एका आडव्या रेघेचा आणि एक-दोन अंकांचा फरक आहे; वेगळे वाण म्हणजे मात्र पक्वतेचा कालावधी आणि गुणधर्म वेगळे. राज्यभर बियाणे पुरवणाऱ्या ‘महाबीज’ या राज्य बियाणे महामंडळाचे मुख्यालयही अकोल्यातच असल्याने, येथे छापलेल्या क्रमांकाचा हिशेब फार दूरवर लागतो.

सर्वांत सूक्ष्म आणि सर्वांत धोक्याची जागा फवारणीच्या मात्रेत आहे. घडीपत्रिकांच्या तळाशी ‘हे प्रमाण साध्या पंपासाठी असून पॉवर पंपासाठी तिप्पट करावे’ अशी ओळ वर्षानुवर्षे छापली जाते. तिच्यामागचे गणित साधे आहे, पण ते सहसा सांगितले जात नाही. समजुतीसाठी असे धरावे की एका कीटकनाशकाची मात्रा हेक्टरी ५०० मिली आहे. हाताने दाबायच्या पाठीवरील पंपाला एका हेक्टरला सुमारे ५०० लिटर पाणी लागते, म्हणून १० लिटर पाण्यात १० मिली औषध येते. पेट्रोलवर चालणारा पंप हवेच्या झोताने बारीक तुषार उडवतो, त्याला त्याच क्षेत्रासाठी सुमारे एक तृतीयांश पाणी पुरते, म्हणून १० लिटरमध्ये ३० मिली घालावे लागते. दोन्ही रीतींनी शेतावर पडते ते ५०० मिलीच. ही ओळ जेव्हा प्रचारात आली तेव्हा पॉवर पंप म्हणजे पेट्रोलचा पंप, दुसरा नव्हता. आता गावोगावी बॅटरीवर चालणारे पंप आहेत, ज्यांना लोक चार्जिंगचा पंप म्हणतात. ते हाताने मारावे लागत नाहीत, म्हणून वाचक त्यांनाही ‘पॉवर पंप’ समजू शकतो, परंतु त्यांना लागणारे पाणी साध्या पंपाच्या जवळपासचे असते. अशा वाचकाने तीच जुनी ओळ प्रामाणिकपणे पाळली, तर त्याच्या शेतावर आणि फवारणाऱ्याच्या अंगावर तिप्पट विष पडते. ओळीत एकही चूक नाही. काळ बदलला आणि ओळ तशीच राहिली, एवढेच. ‘पेट्रोलवर चालणाऱ्या पंपासाठी तिप्पट, चार्जिंगच्या व हातपंपासाठी वर दिल्याप्रमाणे’ अशी नऊ शब्दांची दुरुस्ती करण्यासाठी संशोधनाची गरज नाही. तो मजकूर कोणीतरी शांतपणे, वाचकाच्या जागी बसून वाचण्याची गरज आहे, आणि मुदतीच्या शेवटच्या रात्री नेमके तेवढेच होत नाही.

जागा वाचवण्यासाठी केलेली काटछाट हा घाईचा आणखी एक परिणाम. ५ टक्के निंबोळी अर्काची कृती अशी आहे : ५ किलो वाळलेल्या निंबोळ्या बारीक करून ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवाव्यात, सकाळी ते पाणी फडक्यातून गाळून घ्यावे, २०० ग्रॅम साबणाचा चुरा १ लिटर पाण्यात वेगळा विरघळवून त्यात मिसळावा आणि एकूण द्रावण १०० लिटर होईल इतके पाणी घालून त्याच दिवशी फवारावे. शंभर लिटरमध्ये पाच किलो, म्हणून पाच टक्के. पानावर तीन ओळी कमी पडतात म्हणून कोणी हीच कृती ‘५ किलो निंबोळ्या पाण्यात भिजवून गाळून फवाराव्यात’ अशी आखूड केली, तर वाक्य सुटसुटीत होते, मराठी म्हणून चांगलेही होते, परंतु शेवटचे शंभर लिटर गळतात आणि शेतकऱ्याच्या हाती दहापट दाट द्रावण उरते. कापसावरील गुलाबी बोंडअळीच्या सूचनेचेही तसेच. हेक्टरी ५ कामगंध सापळे, म्हणजे मादी पतंगाच्या गंधाने नरांना ओढणारे सापळे, लावावेत आणि सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात ८ किंवा अधिक पतंग आढळल्यास उपाय योजावा, असा निकष आहे. या पातळीला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात, कारण किडीने होणारे नुकसान फवारणीच्या खर्चापेक्षा जास्त होऊ लागते ते येथून. त्यातील ‘सलग तीन रात्री’ हे तीन शब्द गाळले की एका रात्रीच्या गर्दीवर फवारणी होते, आणि जी पातळी फवारण्या कमी करण्यासाठी ठरवली, तीच त्या वाढवू लागते.

मुदत गाठण्याचा सर्वांत प्रचलित मार्ग म्हणजे गेल्या वर्षीचा मजकूर उचलून त्यावर नवे साल घालणे. त्यात वाईट काही नाही, कारण शेतीतील बरेचसे ज्ञान वर्षागणिक बदलत नाही. पण जे बदलते ते कोठे दडलेले आहे, हे ठाऊक असावे लागते. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१८ मध्ये १८ कीटकनाशकांवर बंदी घातली, त्यांपैकी १२ तत्काळ आणि उरलेली ६ ही ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाली. दुसऱ्या गटात फोरेट होते, ज्याचे नाव महाराष्ट्रातील जुन्या पुस्तिकांत पानोपानी आढळते. अशा वेळी जुन्या मजकुरातून ते नाव एका ठिकाणी काढले आणि तक्त्यात राहून गेले, तर सरकारने बंद केलेले औषध सरकारमान्य पुस्तकात जिवंत राहते. त्याखेरीज ‘लेबल क्लेम’ची बाब आहे. कोणते कीटकनाशक कोणत्या पिकावर कोणत्या किडीसाठी वापरता येईल यासंबंधी केंद्रीय नोंदणी समितीने दिलेल्या मान्यतेला हे नाव आहे, आणि ती यादी वरचेवर बदलत असते. ज्या तक्त्यात अशी नावे येतात, तो तक्ता दरवर्षी कोऱ्या पानापासून नव्याने उभारावा. परिच्छेद उचलावेत, तक्ते उचलू नयेत.

या साऱ्याकडे कागदी काटेकोरपणा म्हणून पाहता येणार नाही, याचे कारण यवतमाळ आहे. २०१७ च्या पावसाळ्यात त्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती. कमरेपेक्षा उंच वाढलेली कपाशी, दमट उष्ण हवा, औषधांची मिश्रणे, संरक्षक कपड्यांचा अभाव, नवे पंप. एका घडीपत्रिकेने ती टळली असती असे म्हणणे मृतांवर अन्याय करणारे ठरेल. पण विषाबद्दलची माहिती लिहिलेली होती, छापलेली होती, कायद्याने बंधनकारक होती आणि तरीही फवारणाऱ्यापर्यंत पोहोचली नव्हती, हे तांत्रिक लेखन करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम यांनुसार प्रत्येक डब्यासोबत माहितीपत्रक असते आणि ते हिंदी, इंग्रजी व प्रादेशिक भाषांत द्यावे लागते. प्रत्यक्षात ते अनेक भाषा एका घडीत बसवण्यासाठी इतक्या बारीक टायपात असते की चष्मा लावूनही वाचवत नाही. डब्यावरील त्रिकोणाचा लाल रंग अतितीव्र विषारी, पिवळा तीव्र विषारी, निळा मध्यम आणि हिरवा सौम्य विषारी असे सांगतो, परंतु हिरवा म्हणजे निर्धोक असा समज सहज होतो, कारण एरवी हिरव्या रंगाचा अर्थ तोच असतो. शिवाय डबा विकत घेणारा शेतकरी वेगळा आणि पंप पाठीवर घेणारा मजूर वेगळा. कागद पहिल्याच्या खिशात राहतो आणि विष दुसऱ्याच्या अंगावर उडते. म्हणून लेखनाचा दर्जा म्हणजे छपाई गुळगुळीत असणे नव्हे. मोठ्याने वाचून दाखवल्यावर, वाचता न येणाऱ्यालाही कळावी अशी वाक्ये असणे हा त्या दर्जाचा पहिला भाग होय.

मग मुदत आणि दर्जा यांचा मेळ कसा घालावा? सर्व मजकुराला सारखीच काळजी देण्याचा हट्ट सोडणे ही त्याची सुरुवात आहे. विद्यापीठाच्या हवामान केंद्रातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी पाच दिवसांच्या अंदाजावर आधारलेला कृषी सल्ला निघतो. तो तातडीने लिहिला जातो आणि तसाच लिहिला जायला हवा, कारण त्याचे आयुष्य तीन-चार दिवसांचे आहे व मंगळवारची उणीव शुक्रवारी भरून काढता येते. ‘कृषी संवादिनी’ मात्र वर्षभर खिशात राहते आणि पुष्कळ घरांत दोन-तीन वर्षे फळीवर राहते. ज्या कागदाचे आयुष्य मोठे, त्याच्या तपासणीला वेळ जास्त, एवढा साधा नियम लेखी स्वरूपात केला तरी मनुष्यबळाची बरीच वाटणी आपोआप होईल. एकाच पानातही हा भेद करता येतो. प्रस्तावना, मान्यवरांचे संदेश, छायाचित्रे आणि मुखपृष्ठाची रंगसंगती यांत कमतरता राहिली तर कोणाचे पीक बुडत नाही, म्हणून वेळ अपुरा असेल तेव्हा आधी त्यांना कात्री लागावी. नाव, आकडा, माप आणि इशारा या चार गोष्टींना कोणत्याही मुदतीसाठी हात लागू नये. त्या चार गोष्टी तपासून झाल्या नसतील, तर चाळीस पानांच्या पुस्तिकेऐवजी तपासलेले एक पान मृगाआधी काढावे आणि बाकीची पाने आर्द्रा नक्षत्रात येऊ द्यावीत. एका पानाला कमीपणा मानण्याचे कारण नाही. शेतकरी भिंतीला लावतो ते एकच पान असते.

खरे काम मात्र मे महिन्यात होत नाही, ते पौष-माघात होते. खरिपाच्या पुस्तिकेतील जो भाग नव्या शिफारशींवर अवलंबून नाही, म्हणजे जमिनीची तयारी, उगवणशक्तीची घरगुती चाचणी, बीजप्रक्रियेचा क्रम, निंबोळी अर्क, सापळे, फवारणीतील दक्षता, तो जानेवारी-फेब्रुवारीत तपासून, प्रमाण मजकूर म्हणून एका जागी ठेवता येतो. उन्हाळ्याच्या अखेरीस नवी शिफारस आली की तिच्यासाठी राखलेली चौकट तेवढी भरायची उरते. आगाऊ तयारीचे हे शास्त्र अकोल्याच्या जुन्या शहरातील कावड मंडळांना, म्हणजे खांद्यावरच्या कावडीतून नदीचे जल आणून देवाला वाहणाऱ्या मंडळांना, कोणी शिकवलेले नाही. श्रावणातील शेवटच्या सोमवारी गांधीग्रामच्या पूर्णा नदीचे जल अकोल्याच्या राजराजेश्वराला चढले पाहिजे, हा दिवस पुढे ढकलता येत नाही हे गृहीत धरून तेथे बांधणी, सजावट आणि माणसांची वाटणी फार आधीपासून सुरू होते, आणि शेवटच्या रात्रीसाठी राखून ठेवलेले असते ते चालणे.

आकड्यांच्या तपासणीसाठी छापखान्यांतील जुनी रीत पुन्हा सुरू करावी. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने मुद्रितावर बोट ठेवून पाहायचे, अशी ती रीत. एकटा माणूस स्वतः लिहिलेले वाचताना कागदावर काय आहे ते न पाहता मनात काय होते ते वाचतो, हे प्रत्येक मुद्रितशोधकाला ठाऊक असते. मात्रा लिहिताना शक्यतो दशांश टाळावा; ‘२.५ मिली प्रति लिटर’ऐवजी ‘२५ मिली प्रति १० लिटर’ लिहिले, की झेरॉक्समध्ये पुसट होणाऱ्या त्या ठिपक्यावर काहीच अवलंबून राहत नाही. रुग्णालयांत औषध लिहिताना ‘५.०’ असे न लिहिता ‘५’ लिहावे आणि ‘.५’ न लिहिता ‘०.५’ लिहावे असा संकेत याच भीतीने जगभर पाळला जातो. देवनागरीतील १ आणि ९ हे अंक खराब छपाईत एकमेकांसारखे दिसतात, म्हणून विषारी औषधाची मात्रा धनादेशावर लिहितात तशी अंकांत आणि अक्षरांत, दोन्ही प्रकारे द्यावी. जुन्या फाँटातील मजकूर युनिकोडमध्ये नेल्यावर जोडाक्षरे आणि चिन्हे बिघडतात, तेव्हा असा मजकूर संगणकाने बदलला म्हणून बरोबर आहे असे न समजता पुन्हा डोळ्याखालून घालावा. आणि छपाईला जाण्यापूर्वी अर्धा तास तो कागद विद्यापीठाच्याच प्रक्षेत्रावर फवारणी करणाऱ्या मजुराला वाचून दाखवावा व त्याने काय करायचे ते त्याच्याच शब्दांत सांगायला लावावे. तो जेथे चुकेल, तेथे चूक त्याची नसते.

एवढे करूनही चुका राहतील, आणि त्या राहणार हे मान्य करणे हा दर्जाचाच भाग आहे. मराठी ग्रंथांत शुद्धिपत्र जोडण्याची प्रथा जुनी आणि सन्मानाची आहे. घडीपत्रिकेचे शुद्धिपत्र मात्र ज्या वाटेने घडीपत्रिका गेली त्याच वाटेने, म्हणजे त्याच कृषी कर्मचाऱ्यांकडून, त्याच दुकानांतून, त्याच व्हॉट्सॲप गटांवर, चोवीस तासांच्या आत गेले पाहिजे. यासाठी प्रत्येक पानाच्या तळाशी हंगाम, साल, छपाईचा दिनांक आणि चौकशीचा एक दूरध्वनी असावा. हे प्रत्येक पानावर यासाठी की आता पुस्तिका पुस्तिका म्हणून फिरत नाही, तिच्या एकेका पानाचा फोटो फिरतो. मुखपृष्ठावरचे साल मागे राहते आणि पाच वर्षांपूर्वीचा तक्ता आजचा म्हणून वाचला जातो.

कुलगुरू महोदयांकडे या पत्राद्वारे केलेली विनंती मोठ्या निधीची नाही. विस्तार शिक्षण संचालनालयात मराठी तांत्रिक मजकुरासाठी एक शास्त्रज्ञ, एक भाषा जाणणारा संपादक आणि एक अनुभवी शेतकरी अशा तिघांची कायम समिती नेमावी, तिच्या सहीशिवाय मात्रा असलेले कोणतेही पान छपाईला जाऊ नये, आणि तिची पहिली बैठक येत्या पौषात व्हावी. त्या बैठकीपुढे पहिला विषय म्हणून ‘पॉवर पंपासाठी तिप्पट’ ही एक ओळ ठेवावी, आणि पुढच्या मृगाआधी ती बदलून छापावी.

जुने शहर, अकोला
शेतीविषयक मराठी साहित्याचा एक नियमित वाचक